उसना कस

एखाद्या वस्तूची बाजारांत ठरलेली किंमत चुकती केली म्हणजे त्या वस्तूविषयींचें आपलें सर्व देणें फिटलें, अशी आपणां मध्यमवर्गीयांची पक्की समजूत असते. दुकानदारानें माल दिला, आपण पैसे दिले, दोघेही आपापल्या घरीं गेले. यापुढें विचार करण्यासारखें कांहीं उरलें असेल असें आपल्या मनांतही येत नाहीं. ही समजूत इतकी सोईची आहे कीं तिची परीक्षा करण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. आमच्यावर तो आला; आणि नवल असें कीं, ज्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आम्ही आयुष्य घालविलें त्यांपैकीं एकाही ग्रंथानें तो आणला नाहीं, तर घरामागच्या मेथीच्या वाफ्यानें आणला. विषय क्षुद्र आहे असें कोणास वाटल्यास आमची तक्रार नाहीं. परंतु मोठे प्रश्न पुष्कळदां मागील दारानेंच घरांत येतात, एवढें ध्यानांत घेऊन वाचकांनीं थोडा धीर धरावा अशी विनंति आहे.

धाराशिव येथें आमच्या घरामागें थोडी मोकळी जागा आहे. बालाघाटाच्या या पठारावर नदीकाठची काळी जमीन सोडली तर माती फारशी खोल नाहीं. आमच्या जागेंत तर वीतभर खणलें कीं कुदळ मुरुमावर वाजते. पन्नाशी उलटल्यावर पुष्कळांना होते तशी भाजीपाला लावण्याची इच्छा आम्हांसही झाली. आणि जमीन नाहीं तर जमीन करावी, या विचारानें दोन वर्षांपूर्वीं आम्हीं विटांचे चार गादीवाफे बांधविले. प्रत्येकाची लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट आणि उंची दीड फूट. गादीवाफा ही वस्तु आपल्या शेतकऱ्यास नवीन नाहीं. मिरचीचें, कांद्याचें किंवा वांग्याचें रोप करावयाचें असलें म्हणजे जमिनीपेक्षां वीतभर उंच वाफा करून, त्यांत कुजलेलें खत मिसळून त्यावर बीं टाकावयाचें, ही रीत तो जाणतो. कारण उंच वाफ्यांत पावसाचें पाणी साचत नाहीं, माती भुसभुशीत राहते, आणि कोंवळीं मुळें कुजत नाहींत. रोपाच्या बाल्यापुरती असलेली ही सोय आम्हीं पूर्ण पिकास देऊं केली, आणि मातीच्या जागीं जवळजवळ निव्वळ खतच भरलें, एवढेंच काय तें आमचें नावीन्य.

चार वाफ्यांचें पोट भरावयास सुमारें १९० घनफूट खत लागलें. म्हणजे ट्रॅक्टरच्या जवळजवळ दोन ट्रॉल्या. तेरणेच्या खोऱ्यांतील एका गांवच्या शेतकऱ्यानें तें ऐन वैशाखांत आणून टाकलें. काळेंभोर, हातांत घेतलें कीं चहाच्या चोथ्यासारखें मोकळें होणारें, शेणाचा वास पार गेलेलें असें तें उत्तम शेणखत होतें. त्यानें भाव सांगितला, आम्हीं घासाघीस न करतां दिला, त्यास चहा पाजला, आणि आपण उदार आहों असें समाधान मानून घेतलें.

पुढचें वर्ष मोठ्या आनंदांत गेलें. मृगाच्या सरीबरोबर पेरलेली मेथी पंचविशीच्या आंत ताटांत आली. तिच्यामागून पालक, चुका, कोथिंबीर. भाद्रपदांत मांडवावर दोडके लोंबूं लागले. आणि मार्गशीर्षांत वांगीं इतकीं आलीं कीं शेजारीपाजारीं वाटून उरलीं. घरीं येणाऱ्या प्रत्येकास आम्ही मागील दारीं नेऊन वाफे दाखवीत असूं आणि "हें आमच्या हातचें आहे" असें सांगत असूं. या वाक्यांत किती खोटेपणा होता हें कळावयास दुसरा उन्हाळा यावा लागला.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वाफ्यांकडे लक्ष गेलें तों ते रिकामे होत चालले होते. विटांच्या कांठापर्यंत भरलेलें खत आतां दहा-अकरा इंचांवर येऊन बसलें होतें. प्रथम आम्हीं उंदीर-घुशींवर संशय घेतला. परंतु घूस माती उकरते, ती नाहींशी करीत नाहीं. मग थोडें वाचलें, थोडें जाणत्यांस विचारलें, तेव्हां उलगडा झाला. खत म्हणजे माती नव्हे. माती ही झिजलेल्या खडकाची असते. ती वाहून गेली तर जाते, एरवीं जागच्या जागीं राहते. खत हें मेलेल्या सृष्टीचें जिवंत अन्न आहे. कोट्यवधि सूक्ष्म जंतु तें अहोरात्र खात असतात. त्यांच्या या खाण्यानेंच त्यांत अडकलेलें नत्र, स्फुरद, पालाश मोकळें होऊन झाडांस मिळतें. आणि खातां खातां त्यांतील कर्बाचा मोठा भाग वायुरूपानें हवेंत निघून जातो. खतानें भरलेला वाफा ही जणूं एक धुनी आहे. तिच्यांत ज्वाळा दिसत नाहीं, धूर दिसत नाहीं, पण ती जळत असते. आणि आमच्या प्रदेशांत, जेथें वैशाखाचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेथें ओल मिळाली कीं ती अधिकच वेगानें जळते. शिवाय उंच वाफा उन्हाळ्यांत चहूं बाजूंनीं तापतो व लवकर सुकतो, म्हणून आमच्याकडील माळी त्या दिवसांत उलट सपाट किंवा थोडा खोलगट वाफा करतात, ही गोष्टही आम्हांस उशिरां कळली.

धुनी पेटती ठेवावयाची तर इंधन घातलें पाहिजे. म्हणून आम्ही पुन्हां त्या शेतकऱ्याच्या गांवीं गेलों.

तो घरीं नव्हता. त्याची आई ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती. आम्हीं खताची गोष्ट काढली तेव्हां ती हंसली आणि म्हणाली, "आता खत कुठलं, गुरुजी? बैलं इकली. एक गाय हाय अन् दोन शेरडं." आम्हीं विचारलें, "मग मागच्या खेपेचें, मावशी?" ती म्हणाली, "त्यो समदा जुना उकिरडा व्हता. बैलं व्हती तवाचा." बोलतां बोलतां तिनें घरामागच्या रानाकडे हात केला. "खत गेलं तवा वाटलं, पैसं आलं, लेकराची फी भागली. पर औंदा पाऊस पडला तरी रानात वल टिकंना. आता रान मागतंय." मग, काय वाटलें कोण जाणे, अगदीं सहज व आपुलकीनें तिनें विचारलें, "तुमची भाजी कशी हाय, गुरुजी?"

आमची भाजी चांगली होती. ती कशी होती हें सांगावयाचें मात्र आम्हांस धैर्य झालें नाहीं.

त्या दिवशीं परत येतांना आम्हीं मनांतल्या मनांत एक हिशेब केला. आमच्या दोन ट्रॉल्या खताचें वजन अदमासें तीन टन असावें. कोरडवाहू पिकास हेक्टरीं सुमारें ५ टन शेणखत द्यावें अशी कृषिशास्त्राची सर्वसाधारण शिफारस आहे. म्हणजे जें खत दीड एकर रानास एका हंगामापुरतें पुरलें असतें, तें आम्हीं १२८ चौरस फुटांत, एका खोलीएवढ्या जागेंत, कोंबलें होतें. तो उकिरडा त्या घराची शिल्लक होती. बैलांच्या कष्टाची, कडब्याची, शेण उचलणाऱ्या बायकांच्या कमरेची अनेक वर्षांची पुंजी होती. ती त्यांनीं मोडली, आणि आम्हीं तिची मेथी करून खाल्ली.

येथें प्रश्न उभा राहतो: आमच्या हातून कांहीं अन्याय झाला काय?

व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं मुळींच नाहीं. विकणारा सज्ञान होता, त्यानें स्वखुशीनें विकलें, मागितलेला भाव त्यास मिळाला. शिवाय, तो म्हणेल, तीन टन शेणखतांत नत्र असतें किती? चांगल्या शेणखतांत तें अर्धा टक्का धरतात. म्हणजे सारें मिळून १५ किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणींत २० किलोंहून अधिक नत्र असतें. अर्थात् पाऊण गोणी युरिया आणून टाकला कीं त्या रानाची भरपाई झाली. खताच्या पैशांतून त्या गृहस्थास अशा कितीतरी गोण्या घेतां आल्या असत्या. मग अन्याय कोठें झाला?

हा युक्तिवाद आम्हांस सहजासहजीं झुगारतां येत नाहीं, कारण त्यांतील आंकडे खरे आहेत. परंतु त्या म्हातारीनें नत्राविषयीं तक्रार केलीच नव्हती. तिनें "वल टिकंना" असें म्हटलें होतें. कस हा शब्द आपल्या भाषेंत सोन्यास लावतात, माणसास लावतात आणि जमिनीसही लावतात. आणि तिन्ही ठिकाणीं तो मोजमापाच्या पलीकडील कांहींतरी सुचवितो. कुजलेलें खत मातीच्या कणांस एकत्र धरतें, त्यांच्यामध्यें हवेस व पाण्यास जागा करतें, पडलेला पाऊस धरून ठेवतें आणि पाऊस ओढ देतो तेव्हां तो थोडा थोडा मुळांस देतें. ज्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरीनें ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि तोही येईल तेव्हां येतो, तेथें पेरणीनंतरचे वीस कोरडे दिवस पीक तग धरील कीं नाहीं हें याच गुणावर अवलंबून असतें. युरियाची गोणी झाडाला खाऊं घालते. ती जमिनीला पाणी धरावयास शिकवीत नाहीं. किंमत दोन्हींची करतां येते म्हणून दोन्ही वस्तु एकच ठरत नाहींत.

सप्टेंबर २०२५ मध्यें आमच्या जिल्ह्यांत, विशेषतः परंडा व भूम या तालुक्यांत, जो महापूर आला त्यानें कित्येकांचीं शेतें खरवडून नेलीं. पिकांच्या खालची मातीच वाहून गेली. सरकारनें खरडलेल्या जमिनीसाठीं हेक्टरीं रक्कम ठरवून मदत जाहीर केली, आणि ती करावयासच हवी होती. परंतु त्या दिवसांत रिकाम्या रानाच्या बांधावर उभे राहिलेले लोक ज्यांनीं पाहिले असतील त्यांस पैसा आणि माती यांच्यामधील अंतर कोणी समजावून सांगावयास नको. पैशानें दुसरीकडची माती आणतां येईल. म्हणजे दुसरें रान उघडें करतां येईल. नवी माती मात्र पैशानें होत नाहीं. ती काळानें होते. पुरानें एका रात्रींत केलें तेंच आम्हीं दोन ट्रॉल्या लावून, भाव देऊन आणि चहा पाजून, थोड्या प्रमाणावर केलें होतें.

मग स्वखुशीचा मुद्दा. प्रत्येक व्यवहारास दोन पक्ष असतात असें आपण समजतों. आमच्या या व्यवहारांत तिसराही एक पक्ष होता, तो म्हणजे जमीन. आणि तिची सही कोणीं घेतली नव्हती. विकणाऱ्यास फीची निकड होती, आम्हांस मेथीची हौस होती. निकड आणि हौस यांचा सौदा झाला, आणि त्याचा बोजा जी बोलूं शकत नाहीं तिच्यावर चढला. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. आम्हीं तें खत घेतलें नसतें, तर त्या मुलाची फी आपोआप भरली गेली नसती. खत न घेणें हें कांहीं पुण्य झालें नसतें. तें दुसऱ्या कोणीतरी घेतलें असतें. म्हणून आमचा दोष "घेतलें" यांत नाहीं. घेतल्यावर देणें संपलें असें आम्हीं मानलें, यांत तो आहे.

असा दोष करणारे आम्ही कांहीं पहिलेच नव्हों. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत पॅरिस शहराभोंवतालचे माळी खतानें भरलेल्या वाफ्यांवर वर्षभर भाज्या पिकविण्याबद्दल जगप्रसिद्ध होते. क्रोपोट्किन यानें १८९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. हे माळी खंडानें घेतलेली जागा सोडतांना वरची माती अमुक खोलीपर्यंत उचलून बरोबर नेण्याचा हक्क करारांत राखून ठेवीत. कारण ती माती त्यांनीं स्वतः केलेली असे. ही हकीकत वाचून कोणाही श्रमनिष्ठ मनुष्यास आनंद व्हावा. परंतु ती माती झाली कशाची? पॅरिसच्या तबेल्यांतील हजारों घोड्यांच्या लिदीची. आणि घोडे वाढले कशावर? दूरच्या खेड्यांतील ओट आणि गवत यांवर. म्हणजे खेड्यांतला कस घोड्यांच्या पोटांतून शहरांत येत होता आणि भाजीच्या रूपानें शहराच्या ताटांत जात होता. पुढें मोटारी आल्या, घोडे गेले, आणि ती बागाइतीही ओसरली. त्याच शतकांत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें इंग्लंडवर असा उघड आरोप केला कीं, तें राष्ट्र आपल्या शेतांसाठीं युरोपांतील रणभूमींवरून मेलेल्या सैनिकांचीं हाडें देखील गोळा करून नेतें आणि इतर देशांच्या जमिनींचा कस लुटतें. पेरूच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकें साठलेले डोंगर पाश्चात्त्य शेतकऱ्यांनीं कांहीं दशकांत संपविले, हा इतिहासही याच काळचा. राष्ट्रें करतात तें आणि आम्हीं अंगणांत केलें तें, यांत फरक आकाराचा आहे, जातीचा नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, असें पाहूं गेल्यास जगणें म्हणजेच लूट आहे. शहरांतील प्रत्येक भाकरी कोणत्या ना कोणत्या शेताचा कस घेऊन येते आणि तो कस शेवटीं गटारांत जातो. मग चार वाफ्यांसाठीं इतकें हळहळण्यांत अर्थ काय? हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तो आमची सुटका करीत नाहीं. जीवन उसन्यावर चालतें हें खरें. परंतु उसनें घेणें आणि लुबाडणें यांतील भेद आपल्या आयाबहिणींस कधींच समजावून द्यावा लागला नाहीं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती विकत आणली असें कोणी म्हणत नाहीं. ती परत करावयाची असते, साखरेचीच परत करावयाची असते, आणि परत करतांना वाटी शिगेस भरलेली असावी असा संकेत असतो. साखरेच्या बदल्यांत शेजारणीच्या हातावर दोन रुपये ठेवले तर हिशेब चुकता होईल, पण शेजार तुटेल. उसनवारीचा धर्म तो हा: ज्याचें घेतलें त्याला, जें घेतलें तें, किंचित् अधिक करून द्यावें. जमिनीशीं आपलें नातें दुकानदाराचें कीं शेजारणीचें, हाच या सर्व चर्चेच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

हें देणें फेडण्याची विद्या आपल्या देशांत नाहीं असें कोणीं समजूं नये. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या सहकार्यानें काडीकचरा व शेण यांचे थर रचून, त्यांस ओल व हवा देऊन, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धति बसविली, आणि दोघांनीं मिळून १९३१ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. हॉवर्ड यांचें नांव जगभर झालें. वाड यांचें महाराष्ट्रांतही फार थोड्यांस ठाऊक आहे. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं शेणाची टंचाई हीच अडचण धरून विचार केला. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असें भिंतींत भोंकें ठेवलेलें विटांचें टांकें करावयाचें. त्यांत मुख्यतः पालापाचोळा व माती, आणि सुमारें १०० किलोच शेण घालावयाचें. वर लिंपून तीन-चार महिने वाट पाहावयाची. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून प्रसिद्ध झालेल्या या टांक्याचें मर्म आमच्या मतें रसायनांत जितकें आहे तितकेंच नीतींत आहे: जें टाकाऊ समजून जाळून टाकण्यांत येतें तें जमिनीचें येणें आहे, आणि तें जाळण्याचा आपणांस अधिकार नाहीं, हें त्यानें दाखविलें.

परंतु खरा धडा आम्हांस ग्रंथांतून मिळाला नाहीं. तो आमच्याच जिल्ह्यांतील स्त्रियांनीं दिला. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर यांच्या परिसरांत भूकंप होऊन हजारों माणसें गाडलीं गेलीं. घरें पुन्हां उभारण्याच्या कामांत तेथील बायका पुढें आल्या, आणि त्यांतून वाढलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालीं, पुढें शेतीचेंही काम हातीं घेतलें. या दशकाच्या मागील दशकांत अवर्षणानें आमचा भाग होरपळला तेव्हां या बायकांनीं घरच्या पुरुषांकडे अर्धा एकर, एक एकर एवढाच तुकडा मागितला. सोयाबीन किंवा ऊस यांसारख्या नगदी पिकांऐवजीं त्यांत त्यांनीं भाज्या, कडधान्यें, ज्वारी-बाजरी असें घरच्या ताटांत जाईल तें लावलें. खत घरचेंच केलें. आधीं पोरांच्या पोटांत, मग बाजारांत, असा क्रम ठेवला. या कार्यास २०१६ मध्यें संयुक्त राष्ट्रांचें इक्वेटर पारितोषिक मिळालें, ही आनंदाची गोष्ट; पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच एका गोष्टीनें.

त्या तुकड्यांपैकीं पुष्कळ तुकडे त्या बायकांच्या नांवावर नाहींत. सात-बारावर सासऱ्याचें नांव, नाहीं तर नवऱ्याचें. शेळीच्या लेंड्या वेंचून, पाला कुजवून, गांडुळें पोसून ज्या मातीला ती बाई दरवर्षीं बोटभर अधिक काळी करते, ती माती कायद्यानें तिची नाहीं. पॅरिसच्या माळ्यास आपण केलेली माती उचलून नेण्याचा हक्क होता. या बाईस तेवढाही नाहीं. आणि तरी ती माती करते! याला कोणी अज्ञान म्हणेल. आम्हीही प्रथम म्हटलें असतें. हा तिच्यावरील अन्याय आहे आणि तो दूर झाला पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. तिच्या निष्ठेचें गोडवे गाऊन सात-बाराचा प्रश्न झांकूं नये. परंतु तिच्या करण्यांत एक सत्यही आहे, आणि तें मालकांस दिसत नाहीं. जमीन सुधारणारा कोणीही ती शेवटीं आपल्यासाठीं सुधारीत नाहीं. शंभर वर्षांनीं त्या रानांत कोण पेरील हें मालकासही ठाऊक नसतें. मालकीचा कागद घेणाऱ्यास उपयोगी पडतो. देणाऱ्यास तो लागत नाहीं.

तेरणेच्या कांठीं तेर हें गांव आहे. प्राचीन काळीं 'तगर' या नांवानें त्याची कीर्ति समुद्रापार गेली होती. आपण त्यास ओळखतों तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून. भजनांत तल्लीन होऊन चिखल तुडवीत असतां पायांखालीं आपलें मूल आलें हें गोरोबांस कळलें नाहीं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ती सांगतात, आणि तें योग्यच आहे. पण त्या म्हातारीकडून परत आल्यावर ही कथा आम्हांस निराळ्या रीतीनें आठवूं लागली. आपल्या आनंदांत रंगलेल्या मनुष्यास पायांखालीं काय तुडवलें जातें आहे हें दिसत नाहीं. आमचा आनंद तर विठ्ठलाचा नव्हता, वांग्यांचा होता. आणि कथेंतलें मूल देवानें परत दिलें. रानाचा कस असा कोणी परत देत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच द्यावा लागतो.

आतां आमच्या वाफ्यांची स्थिति सांगून हा लेख संपवितों. चारांपैकीं दोन वाफे आम्हीं मोडले. विकतचें खत आणावयाचें नाहीं असा निश्चय करून अंगणांत एक लहान टांकें केलें. त्यांत स्वयंपाकघरांतील देंठ-सालें, कडुनिंबाचा पाला आणि शेजाऱ्यांनीं झाडून लोटलेला पाचोळा जातो. यापूर्वीं तो पेटवून देत असत, आतां आमच्या दारांत आणून टाकतात. वर्षभराच्या या खटाटोपांतून एक वाफा भरून थोडें उरतें. एका कुटुंबाच्या उष्ट्याखरकट्यांतून आणि दोन कडुनिंबांतून माती किती थोडी होते, हें कळल्यापासून चार वाफ्यांचा आमचा पूर्वीचा थाट आठवला कीं संकोच वाटतो. आणि हें थोडें तरी सर्वस्वीं आमचें कोठें आहे? तीं देंठें आणि सालें बाजारांतून आलीं, म्हणजे कोणाच्या तरी रानांतूनच आलीं. निव्वळ स्वतःची अशी माती कोणाजवळच नसते. हा विचार प्रथम खिन्न करणारा वाटला. हल्लीं तसा वाटत नाहीं.

गेल्या ज्येष्ठांत, पावसाच्या तोंडावर, उरलेल्या खताचीं दोन पोतीं घेऊन आम्ही त्या गांवीं गेलों. दीड एकराच्या देण्यांत दोन पोतीं म्हणजे काय हें आम्हांस कळत होतें, आणि म्हातारीलाही कळलें असावें. कारण तिनें पोत्याकडे पाहून पुन्हां तसेंच हंसून घेतलें. पण खत तिनें ठेवून घेतलें. मूठभर हातांत घेऊन चुरगळलें, वास घेतला, आणि मिरचीच्या रोपाला वाफा करावयाचा होता त्याला तें पुरेल असें म्हणाली. आम्ही निघालों तेव्हां तिनें नातवाकरवीं आमचीं पोतीं परत पाठविलीं. तीं रिकामीं नव्हतीं. एकाच्या तळाशीं पायलीभर ज्वारी होती, दुसऱ्यांत शेंगा.

ऋण फेडावयास गेलों होतों, तें वाढवून आलों. त्या ज्वारीचा कोंडा आमच्या टांक्यांत पडला आहे.